एका सुताचा फरक

“मॅडम, मी हात लावलेला नाही,” धैर्यशील म्हणाला, तेव्हा त्याचा एक हात मशीनवरच होता.

दुसरा हात त्यानं मला बघताच शर्टाच्या खिशात घातला आणि मोकळा बाहेर काढला. काहीतरी खिशात गेलं होतं. बारीकसंच, बोटाच्या पेराएवढंही नसेल. मी शाळेत चित्रकला शिकवते. बाकाखाली लपवलेली चिंच मला वर्गाच्या दारातून दिसते.

मशीन बंद होतं. चहाला खाली जाताना मी ते चालू ठेवून गेले होते. फळीवर ‘वै’ नुकताच उमटायला लागला होता, दोन-तीन पोस्टकार्डांच्या जाडीइतका खोल, हवा तसा. आता त्या ‘वै’मधून खालचं टेबल दिसत होतं. अक्षर आरपार गेलं होतं आणि ‘व’चं पोट गळून पडलं होतं.

“मग कुणी लावला?” मी विचारलं.

“कुणीच नाही ओ. खाली वर्कशॉपमधनं आवाज ऐकला, बदललेला. म्हणून वर आलो, तर बिट खाली उतरलेलं. बटण दाबलं आणि बंद केलं. हात लावला तो तेवढाच.”

“म्हणजे लावला.”

“तेवढाच की.”

मी खांद्यावरची ओढणी काढून फळीवर टाकली. “तुम्ही वाचलंत?”

“काय?”

“फळीवर काय आहे ते.”

“भोक आहे,” तो म्हणाला आणि जिना उतरून गेला.

मी त्या खोलीत उभी राहून मनात त्याला शिव्या घातल्या. मी स्वभावानंच संशयी आहे. भाजीवाल्यानं हसून वजन केलं तर मी काट्याकडे बघते. आणि इथं तर हसण्याचीही गरज नव्हती, कारण घर परक्याचं होतं. माझ्या धाकट्या भावाची, इंद्रजितची, ही सासुरवाडी. कोल्हापुरातलं उद्यमनगर, खाली इंगवल्यांचं गेट-ग्रिलचं वर्कशॉप, वर राहतं घर. माझी वहिनी शीतल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, मुलगी झालेली, आणि परवा बारसं. धैर्यशील हा शीतलचा थोरला भाऊ, म्हणजे बाळाचा मामा. मी आत्या. नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि बारशाला बाळाच्या कानात सांगेपर्यंत ते नाव फुटू द्यायचं नाही ही आमच्याकडची रीत.

ते नाव मी पाळण्याच्या पाटीवर कोरून देणार होते. साताऱ्याला माझ्याकडे टेबलावर मावणारं हौशी माणसांचं मशीन होतं. एक चौकट, तिच्यात पुढेमागे सरकणारी लहानशी मोटर, मोटरीच्या तोंडाशी पितळेची नळी आणि नळीत बिट, म्हणजे लाकूड कोरणारं टोक. कॉम्प्युटरवर अक्षर काढून दिलं की मशीन ते फळीत उतरवतं. बिटं तऱ्हेतऱ्हेची मिळतात, अणकुचीदार, सपाट, पिळाची. टोक कसलंही घ्या, पण मागची दांडी त्या नळीत नीट बसायला हवी, नाहीतर सगळं फुकट. ऐन वेळी माझं शेवटचं चांगलं बिट मोडलं. साताऱ्यात दुसरं मिळेना. म्हणून मी शीतलच्या घरी फोन केला आणि तो धैर्यशीलनं उचलला.

“मॅडम, बिटाला काय तोटा इथं? उद्यमनगर आहे हे,” तो म्हणाला. “कसलं पाहिजे ते सांगा.”

“टोक अणकुचीदार. दांडी एक सूत.”

“एक सूत. कळलं. आणि मी म्हणतो, मशीनच घेऊन या की इकडं. पाळणा इथंच आहे, फळी बसते का तेपण बघता येईल.”

मशीनच घेऊन या! तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती. पण दुसरा इलाज नव्हता.

मी खिशात गेलेल्या वस्तूचा विचार करत पितळी नळी तपासली. बिट आवळायचा एक बारीक स्क्रू असतो तिच्या अंगाला. मला खात्री होती, तोच त्यानं काढला असणार. पण स्क्रू जागच्या जागी होता. मग खिशात काय गेलं?

ते कळलं नाही, पण त्याच्या मनात काय आहे याचा उलगडा जेवताना झाला असं मला वाटलं. शीतलची आई, मी त्यांना मावशी म्हणायचे, ताटात भाकरी वाढता वाढता सहज बोलल्यासारखं बोलल्या, “आमच्यात सीतेचं नाव न्हाई ठेवत बघा, वृषालीताई. म्हंजे जानकी म्हना, मैथिली म्हना, काय बी. माझ्या नणंदेचं नाव जानकी. लई भोगलं बिचारीनं.”

“मी कुठं म्हटलं सीतेचं नाव ठेवणार म्हणून?”

“न्हाई, आपलं सांगितलं. तांबडा रस्सा घ्या की.”

धैर्यशील खाली मान घालून जेवत होता. त्याचे कान लाल झाले होते. बाळंतिणीच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. तिथून शीतलनं माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर बाळाकडे वळवली. म्हणजे यानं भोकातूनसुद्धा अक्षर वाचलं होतं. ‘वै’वरून पुढचं ओळखणं कठीण नव्हतं. वाचून आईला सांगितलं, आणि आता पाटी होऊच द्यायची नाही असा घाट घातला होता. एक फळी फुटली, दुसरी फुटली की मावशी कपाळाला हात लावून ‘अपशकुन’ म्हणणार, आणि नाव बदलणार. माझा भाऊ बायकोच्या शब्दाबाहेर नाही, हे मला लग्नाच्या मांडवातच कळलं होतं.

आणि ते नाव मला हवं होतं. इतकं हवं होतं की सांगायचीसुद्धा लाज वाटायची. वैदेही हे नाव मी शाळेत असताना माझ्या मुलीसाठी ठरवलेलं. होणाऱ्या मुलीसाठी. तेव्हा नवरा कसा असावा याचा विचारही मनात नव्हता, पण मुलीचं नाव नक्की होतं. पुढं वय वाढत गेलं, स्थळं येत गेली, जात गेली. कुणाला माझी नोकरी सोडायला हवी होती, कुणाला माझं तोंड बंद हवं होतं. चौतिसाव्या वर्षी मी माझ्यापुरतं मान्य करून टाकलं की मुलगी काही होणार नाही. मग नाव तरी कुणाच्या तरी उपयोगी पडावं. भावाच्या मुलीला हाक मारताना निदान ते माझ्या तोंडात येईल, एवढीच माझी इच्छा होती. ही इच्छा मी फक्त इंद्रजितच्या कानावर घातली होती, तीसुद्धा शपथ घालून.

दुपारी मी दुसरी फळी लावली. माझ्याकडे अशा तीनच होत्या, सागवानी, एका मापाच्या. खोलीला आतून कडी घातली. नवं बिट घेतलं, स्क्रू होता होईल तेवढा आवळला आणि मशीनसमोर खुर्ची टाकून बसले. आता करा काय करायचं ते.

‘वै’ सुंदर उतरला. मी श्वास सोडला. ‘दे’ सुरू झाला. भुसा उडत होता, सागाचा वास सुटला होता, खाली वर्कशॉपमध्ये कुणीतरी लोखंड कापत होतं. आणि एकाएकी मशीनचा आवाज जड झाला. बिट थरथरायला लागलं, जरासं कलंडलं आणि आस्ते आस्ते नळीतून खाली सरकलं. मी झडप घालून बटण दाबेपर्यंत ‘दे’ची मात्रा फळी फोडून गेली होती.

दाराला कडी होती. खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

म्हणजे कुणी हात लावला नव्हता हे खरं. पण बिटं कुणी आणली होती? माणूस खोलीत असायची गरजच काय? खराब बिटं आणून दिली की काम आपोआप होतं, आणि वर ‘मी हात लावलेला नाही’ म्हणायला मोकळा. मला त्याच्या हुशारीचं कौतुकच वाटलं. बिटांची डबी उचलली, पिशवीतून माझं जुनं मोडकं बिट घेतलं आणि मी तरातरा वर्कशॉपमध्ये गेले.

तो एका गेटला घासकाम करत होता. मला बघून मशीन बंद केलं, डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर सरकवला.

“कुठल्या दुकानातून आणली ही?”

“पलीकडच्या गल्लीतनं. का ओ?”

“मुद्दाम खराब मागितली की दुकानदारानंच दिली?”

त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. “मॅडम, आम्ही गेटं करतो. लोकांच्या दारात बसतात ती, वर्षानुवर्षं. मुद्दाम खराब काम या वर्कशॉपमधनं आजवर बाहेर पडलं नाही. आणि मी भाचीचं काम बिघडवू?”

“दोन फळ्या गेल्या.”

“मला तर वाटलं तुम्हीच घालवताय.”

“मी?”

“सकाळी मशीन चालू ठेवून तुम्ही चहाला बसला खाली. एवढ्या जपणाऱ्या बाई तुम्ही, फळीवर ओढणी काय टाकता. म्हटलं, यांना हे काम करायचंच नाही. मन नाही यांचं. म्हणून फळी वाया जाऊ देतायत.”

मी डबी त्याच्या टेबलावर आपटली. तो पुढं म्हणाला, “बिटं तुम्ही सांगितली तीच आणलीत. दांडी तीन एमएम.”

“मी तीन एमएम म्हटलंच नव्हतं. मी एक सूत म्हटलं.”

“तेच की.”

“तेच कसं?”

“एक सूत म्हणजे तीन एमएम. अख्खं उद्यमनगर तेच म्हणतं.”

मग त्यानं टेबलावरचं व्हर्नियर उचललं, बारीक मापं घ्यायचं ते. मी माझं जुनं मोडकं बिट त्याच्या हातात दिलं. त्यानं दांडी मोजली, उजेडाकडे धरून वाचली, पुन्हा मोजली. मग डबीतलं नवं बिट मोजलं.

“तीन पूर्ण,” तो म्हणाला. “आणि तुमचं तीनच्या वर. पॉइंट सतराएक जास्त.”

“सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तो तेवढाच येतो,” मी म्हणाले. मला ते आधीपासून माहीत होतं, गणित करायचं सुचलं नव्हतं इतकंच.

“आमच्या गेटात एवढा फरक म्हणजे रंगाचा एक हात. कुणी बघत पण नाही.” तो नव्या बिटाकडे बघत राहिला. “त्या नळीत हे सैल पडलं. स्क्रूनं एका बाजूनं रेटलं, म्हणून कलंडलं. मोटर थरथरली की खाली सरकलं. सकाळी पण तसंच झालं असणार.”

“पण मी सूत म्हटल्यावर तुम्ही दुकानात एमएम का सांगितलं?”

तो जरा ओशाळला. “तुम्ही शिकलेल्या. मशीन कॉम्प्युटरवालं. म्हटलं, मॅडमचं काम एमएममधलं असणार, माझ्याशी बोलायचं म्हणून सूत म्हणाल्या. म्हणून दुकानात तुमच्या भाषेत मागितलं.”

मला हसावं की रडावं कळेना. कारण मशीनच्या कागदावर इंचाचा अपूर्णांक छापलेला होता आणि मी फोनवर मुद्दाम ‘सूत’ म्हटलं होतं. गेटवाला माणूस, त्याला त्याच्या भाषेत सांगावं म्हणून. मी त्याचा शब्द वापरला, त्यानं माझा, आणि मधल्या मधे दोन फळ्या गेल्या.

मी हे सांगितलं तेव्हा तो मोठ्यानं हसला. मीही हसले. पण माझं हसू लगेच आटलं, कारण एक गोष्ट शिल्लक होती.

“मग मावशींना नाव कुणी सांगितलं?”

त्यानं चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. “ते शीतलला विचारा, मॅडम. मी त्यात पडणार नाही. सकाळपासून पडतोय तेच बास झालं.”

म्हणजे कुठंतरी पाणी मुरत होतंच. बाळंतिणीच्या खोलीत ओव्याच्या धुरीचा वास भरला होता. मावशी बाळाचे लंगोट घडी घालत बसल्या होत्या. मला बघून दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मी सरळच विचारलं, “शीतल, तुला माझं नाव नकोय का?”

तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. “नाव छान आहे, ताई. पण ते तुमचं आहे.”

“म्हणजे?”

“यांनी सांगितलं मला. तुम्ही शपथ घातली होती, तरी सांगितलं. म्हणाले, लहानपणी तुम्ही बाहुलीलासुद्धा ते नाव दिलं नव्हतं. माझ्या मुलीचं आहे म्हणायचात. ठेवून दिलं होतंत.” तिनं बाळाच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं. “आता तुम्ही ते माझ्या मुलीला देताय. म्हणजे तुम्ही मनाशी काहीतरी ठरवून टाकलंय. ते तुमचं तुम्ही ठरवा, मी कोण सांगणार? पण आम्ही ते नाव घेतलं तर आम्ही पण तेच ठरवल्यासारखं होईल. रोज हाक मारताना मला ते आठवेल. माझ्यानं नाही होणार, ताई. तुम्हाला तोंडावर नाही म्हणायचा धीर नव्हता, म्हणून आईला म्हटलं, तू काहीतरी काढ.”

“आणि ती जानकी?” मी मावशींना विचारलं.

“आमची जानकीवन्सं?” मावशी म्हणाल्या. “तिला काय धाड भरलीया! म्हातारी झाली तरी साऱ्या घराला धाकात ठेवून हाय. तिनं कसलं भोगलंय, बाकीच्यांनी भोगलं.”

मला आधी राग आला. माझ्या आयुष्याचा विचार करायला यांना कुणी सांगितलं होतं? मग तो राग कुठं टेकवावा ते सापडेना. इतकी वर्षं माझं लग्न, माझं वय, माझं काय होणार, यावर सगळे नातेवाईक बोलले होते, आणि प्रत्येकानं शेवटी मान हलवून विषय संपवला होता. मीसुद्धा. या खोलीत मात्र दोन बायका माझा विषय संपवायला तयार नव्हत्या. मी शीतलच्या कॉटवर बसले आणि घळाघळा रडले. शीतलही रडली. बाळ उठलं आणि आमच्या दोघींपेक्षा मोठ्यानं रडायला लागलं.

“आता ह्या तिघींना कोन गप करायचं?” मावशी म्हणाल्या.

मी बाळाला मांडीवर घेतलं. तिनं माझं बोट धरलं आणि गप्प झाली. मी तिच्याकडे नीट बघितलं. इतके दिवस मी तिच्याकडे माझ्या नावाची पाटी म्हणूनच बघत होते.

संध्याकाळी धैर्यशील स्वयंपाकघरातून पोळ्या गुंडाळायचा चांदीचा कागद घेऊन वर आला. त्यानं एक पट्टी कापली, नव्या बिटाच्या दांडीला घट्ट गुंडाळली, व्हर्नियर लावलं, अजून एक वेढा दिला. “आता बसंल. पण लई वेळ टिकंल असं सांगत नाही. मोठं नाव असलं तर मधेच सैल पडंल.”

“मोठं नाही,” मी म्हणाले. “दोन अक्षरी आहे.”

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे पाठ करून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला, नाव दिसू नये म्हणून. मी तिसरी फळी लावली. मशीन चालू असेपर्यंत त्यानं मान वळवली नाही.

बारशाला मी बाळाच्या कानाशी वाकले. रिवाजाप्रमाणे पाठीत बायकांचे धपाटे बसले, त्यात मावशींचा सगळ्यात जोरात. मी ‘कुर्रर्र’ केलं आणि म्हणाले, “सई.” मग पाटीवरचं फडकं काढलं. एक अक्षरसुद्धा आरपार गेलं नव्हतं. शीतल बराच वेळ त्या पाटीकडे बघत होती.

निघताना मी दोन्ही फुटक्या फळ्या शोधल्या. दुसरी सापडली. पहिली, ‘वै’ची, कुठं दिसेना. मी धैर्यशीलला विचारलं.

“भंगारात गेली असंल,” तो म्हणाला. वर्कशॉपमधला माणूस सागवान भंगारात टाकेल यावर मी विश्वास ठेवला नाही. पण गाडीत मशीन चढवून झालं होतं आणि मावशी दारात दहीसाखर घेऊन उभ्या होत्या.

नंतर तो साताऱ्याला आला तो एक सूत दांडीची बिटं घेऊन. या वेळी दुकानात व्हर्नियर सोबत नेलं होतं म्हणाला. बिटं द्यायला पोस्ट आहे, कुरिअर आहे, हे त्याला मी सांगितलं. तो म्हणाला, पोस्टावर त्याचा विश्वास नाही. पुढच्या महिन्यात बिटं बरोबर बसली का ते विचारायला आला. त्याच्या पुढच्या वेळी त्यानं कारणसुद्धा आणलं नाही. मी त्याला सांगून टाकलं की नोकरी सोडणार नाही आणि तोंडही बंद ठेवणार नाही. तो म्हणाला, “तोंड बंद असतं तर त्या दिवशी व्हर्नियर तरी कशाला उचललं असतं?” मावशींना बातमी कळली तेव्हा त्या फोनवर म्हणाल्या, “जुळलं म्हना की एकदाचं सूत!”

आमच्या मुलीच्या बारशाला सईच्या आईनं, म्हणजे आत्याच्या मानानं शीतलनं, नाव कानात सांगितलं. माझ्या मुलीच्या पाळण्याला कुणी पाटी केली नव्हती असं मी समजत होते. धैर्यशीलनं फडक्यात गुंडाळलेली एक फळी पुढं केली. तीच पहिली. पुढचं ‘देही’ त्यानं हातानं, छिन्नीनं कोरलं होतं, जरा वाकडंच. मागून पितळेचा पत्रा लावला होता, त्यामुळे आरपार गेलेला ‘वै’ पिवळा चमकत होता. आणि ‘व’चं गळून पडलेलं पोट, बोटाच्या पेराएवढं, त्या पत्र्यावर बरोबर आपल्या जागी चिकटवलेलं होतं.

ते त्याच्या खिशात होतं. त्या सकाळपासून.

वैदेही आता शाळेत जाते. तिला हे सगळं ठाऊक आहे, ती ते पाहुण्यांना माझ्यापेक्षा रंगवून सांगते. माझा एक संशय मात्र अजून फिटलेला नाही. जन्मभर गेटं बसवणारा, रंगाच्या हातापर्यंत मापं ओळखणारा हा माणूस. एक सूत आणि तीन एमएम यांतला फरक त्याला खरंच माहीत नव्हता? मी अधूनमधून विचारते, अगदी अचानक, तो बेसावध असताना.

“मॅडम,” तो म्हणतो, “मी हात लावलेला नाही.”

म्हणताना एक हात खिशात असतो.